वर्गातील एकटे मूल

शाळांच्या इतिहासात इमारत केव्हा उभी राहिली, विद्यार्थी किती वाढले, निकाल कसा लागला, यांच्या नोंदी काळजीपूर्वक ठेवलेल्या आढळतात. कोणते मूल वर्गात एकटे पडले आणि एके दिवशी शाळेत येईनासे झाले, याची नोंद मात्र क्वचितच सापडते. चिडवणे, ढकलणे, खेळातून वगळणे हे प्रकार शाळेइतकेच जुने आहेत. परंतु त्यांच्या पाठीशी जेव्हा वडीलधाऱ्यांची रूढी उभी राहते, तेव्हा खोडीचा छळ होतो, आणि त्या छळाविरुद्ध दाद मागावयास मुलाला जागाच उरत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्याच्या आपल्या शाळकरी दिवसांविषयी लिहून ठेवले आहे. वर्गात त्यांना कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसण्याचे गोणपाट सकाळी घरून आणावयाचे व संध्याकाळी परत न्यावयाचे, कारण शाळेचा नोकर त्याला हात लावीत नसे. तहान लागली तरी नळाला स्पर्श करण्याची मुभा नव्हती. शिपाई हजर नसला की पाणीही नाही. भोवतालची मुले जात्याच दुष्ट होती, असे थोडेच आहे? घरी आणि गावात जे त्यांनी पाहिले, तेच ती वर्गात गिरवीत होती.

या दुःखावर उपाय तरी कोणता? त्याचे एक उत्तर हैदराबाद शहरात शोधले गेले. मराठवाड्याचे जिल्हे त्या काळी ज्या निजामी संस्थानात मोडत, त्याची ही राजधानी. तेथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या माला समाजात 1888 साली भाग्यरेड्डी वर्मा यांचा जन्म झाला. 1906 मध्ये, ऐन अठराव्या वर्षी, त्यांनी ‘जगन् मित्र मंडळी’ स्थापन केली. पुढे तिचाच ‘मान्य संघम्’ झाला. भजने, कीर्तने, पुराणकथा यांच्या वाटेने वस्तीवस्तीत शिरून त्यांनी लोकांना जागे केले, आणि 1910 च्या सुमारास इसामिया बाजार व लिंगमपल्ली या भागांत मुलांसाठी प्राथमिक शाळा उघडल्या. दोन तपांत या शाळांची संख्या पंचवीसच्या घरात गेली. त्यांत सुमारे अडीच हजार मुले शिकू लागली. 1934 च्या सुमारास निजाम सरकारने त्या आपल्या व्यवस्थेखाली घेतल्या. 1939 मध्ये वर्मांचे निधन झाले.

या शाळांचे खरे मोल त्यांच्या संख्येत नाही. ज्या मुलाला इतरत्र कोपरा दाखविला गेला असता, त्याला येथे वर्गाच्या मध्यभागी बसता येत होते. पाटीवर अक्षर गिरविण्यापूर्वी मुलाला अभय लागते. ते अभय या शाळांनी दिले.

तथापि या उपायाची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. गांजलेल्या मुलाला वेगळा निवारा मिळाला म्हणजे गांजणारी शाळा सुधारली, असे होत नाही. दुसरा मार्ग कोल्हापुरात दिसतो. राजर्षी शाहू महाराजांनी 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांबरोबर एकाच शाळेत घेण्याचा हुकूम काढला. त्या मुलांना भेदभावाने नव्हे, तर ममतेने वागवावे, असेही शिक्षकांना बजावले. मुलांचे वर्तन पालटावयाचे तर आधी मोठ्यांचे पालटले पाहिजे, हे त्या राजाने ओळखले होते. भाग्यरेड्डींच्या हाती राजसत्ता नव्हती. त्यांनी मुलांना आसरा दिला. शाहूंच्या हाती ती होती. त्यांनी शाळेलाच शिस्त लावली.

स्वतंत्र भारताच्या कायद्याने हीच शिस्त देशभर लागू केली. 1955 च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने शाळेत प्रवेश नाकारणे हा तर गुन्हा ठरविलाच, शिवाय प्रवेश दिल्यानंतर भेदभाव करणे हाही गुन्हा ठरविला. उंबरठा ओलांडून आत आलेले मूल वर्गात पुन्हा एकटे पाडता येते, हे अनुभवाचे शहाणपण त्यामागे आहे. पुढे 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलाला शारीरिक शिक्षा देण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली.

पण कायदा वर्गाच्या दारापर्यंतच पोहोचतो. आत जावयाचे असते ते शिक्षकाच्या दृष्टीने. मधल्या सुटीत कोण एकटे जेवते, कोणाच्या नावावर हसू उसळते, कोणाची पाटी वारंवार फुटते, हे पाहणारा आणि पाहून गप्प न बसणारा माणूस शाळेत असावा लागतो. तसा एक जरी शिक्षक लाभला, तरी इसामिया बाजारातील त्या मुलांना ज्यासाठी वेगळे घर बांधावे लागले, ते अभय प्रत्येक मुलाला आपल्याच वर्गात मिळेल.