नवाचा सात

परवा नातू आमच्या अंबरनाथ पूर्वेच्या शिवमंदिरावर संकेतस्थळ बनवत होता. पानावर साल उमटायच्या ऐवजी डॉलरचं चिन्ह आणि महिरपी कंसातलं नावच जसंच्या तसं दिसे. तासभर तो ती ओळ तपासत बसला. ओळ बरोबर होती! खोट निघाली भलत्याच फाइलीत. जुन्या प्रकल्पातून उचललेल्या वेब डॉट एक्सएमएलच्या मथळ्यावर आवृत्ती होती २.३. कंसांची ही भाषा जेएसपीत थेट आली २००३ साली. त्याआधीचा मथळा दिसला की सर्व्हर कंस सोडवतच नाही, साधा मजकूर समजून छापतो. मथळा बदलला आणि साल उमटलं, ८६०.

आता चूक माझी. शिलाहार राजा माम्वाणीच्या काळातल्या तिथल्या शिलालेखातला शक डॉ. भाऊ दाजींनी ७८२ वाचला होता, म्हणजे इ.स. ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२ असल्याचं दाखवलं, म्हणजे १०६०. एका आकड्यात दोनशे वर्षं!

नातवाला मी माझ्या जुन्या वहीतलं साल दिलं होतं. वर्गातही कित्येक वर्षं तेच शिकवलं. संगणकाने काही तक्रार केली नाही, मुलांनीही कधी केली नव्हती. पान नातवाने लगेच सुधारलं. ती मुलं आता कुठे गाठू?