वसईच्या घंटा, घाटावरचे टोल

आजचा भाग माझ्याच चुकीपासून सुरू होतो. मागे वसईच्या मोहिमेवर बोललो होतो, आठवतंय? त्यात शेवटी जोशात म्हणून गेलो, की चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी देवळांत टांगल्या, विजयाची खूण म्हणून. एका वाक्यात विषय खलास.

दोन दिवसांनी कॉलेजच्या मित्राचा व्हॉइस मेसेज आला. हा मित्र वसईचा, ख्रिस्ती, शेतीवाडीवाल्या घरातला. म्हणाला, "अरे, भाग छान झाला. पण त्या घंटा आधी कुणाच्या गावात वाजायच्या, ते सांगायचं राहिलं बघ."

खरंच राहिलं होतं. मग आम्ही दोघं नाशिकला गेलो.

पंचवटीत गोदावरीच्या काठी नारोशंकराचं देऊळ आहे. खरं नाव रामेश्वर महादेव, पण नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ मध्ये बांधलं म्हणून सगळे नारोशंकरच म्हणतात. देवळाभोवती तट आहे आणि नदीकडच्या बाजूला, तटात उंचावर, एक मोठी पितळेसारखी दिसणारी घंटा टांगली आहे. तिच्यावर साल आहे १७२१. म्हणजे देऊळ बांधायच्या सव्वीस वर्षं आधीचं. आणि साल इसवी सनात. आपल्याकडे तेव्हा देवळाच्या घंटेवर कुणी साल घातलंच, तर शक घातलं असतं. ही घंटा वसईच्या विजयाची म्हणूनच ओळखली जाते.

आता थोडं मागे जाऊ. वसई पोर्तुगिजांकडे आली १५३४ मध्ये, गुजरातच्या बहादूरशहाकडून. तिथून दोनशे वर्षं किल्ल्यात आणि आसपासच्या गावांत चर्च उभी राहत गेली. मे १७३९ मध्ये, फार मोठी माणसं गमावून, मराठ्यांनी किल्ला घेतला. त्या वेढ्यात पैसा इतका संपला होता की पोर्तुगिजांनी चर्चमधली चांदी आणि काही तोफा मुंबईच्या इंग्रजांकडे गहाण टाकल्या होत्या. चांदी अशी गेली. घंटा मनोऱ्यांतच राहिल्या.

चर्चच्या घंटेचं काम काय असतं? मी मित्रालाच विचारलं. तो म्हणाला, "आमच्या आजीकडे घड्याळ नव्हतं रे. सकाळी, दुपारी, संध्याकाळी घंटा झाली की हातातलं काम ठेवायचं, प्रार्थना म्हणायची. कुणी गेलं तरी घंटेवरूनच कळायचं." म्हणजे एक माणूस दोरी ओढतो आणि अख्खं गाव ऐकतं. आपल्या देवळात उलटं. प्रत्येक जण स्वतः हात वर करतो, वाजवतो, आत जातो. तिथे घंटा देवाला सांगते की मी आलोय. गावाला काही सांगायचं नसतं.

म्हणजे वस्तू तीच, पण काम बदललं. आणि गंमत म्हणजे नाशिकच्या घंटेचं पूर्ण बदललंही नाही. ती इतकी उंच आणि मोठी की भक्ताच्या हाताची घंटा ती नव्हेच. तिचा आवाज दूरवर जायचा असं सांगतात, आणि गोदावरीला पूर आला की पाणी कुठवर चढलं याचं मापही लोक याच घंटेवरून धरतात. पाणी घंटेला लागलं म्हणजे मोठा पूर. शिवाच्या देवळात येऊन ती परत गावाचीच घंटा झाली.

आता मला खरा प्रश्न पडला तो वेगळा. या घंटा वितळवल्या का नाहीत? घंटेचा धातू म्हणजे साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. तोफेलाही तांबं आणि कथीलच लागतं, फक्त कथील कमी. तांबं वाढवलं की घंटेची तोफ होते. आणि हे काल्पनिक नाही. रशियाचा झार पीटर १७०० मध्ये नार्वाच्या लढाईत तोफा गमावून बसला, तेव्हा त्याने स्वतःच्याच देशातल्या चर्चच्या घंटा उतरवून त्यांच्या तोफा ओतल्या. फ्रेंच राज्यक्रांतीत हजारो घंटांची नाणी आणि तोफा झाल्या. स्वतःच्या धर्माच्या घंटा, बरं का. तोफांची गरज तर मराठ्यांनाही होती. तरी या घंटा वाचल्या.

वाईजवळ मेणवलीला गेलात तर हे जास्त नीट दिसतं. कृष्णेच्या काठी नाना फडणवीसांचा वाडा, खाली सुंदर घाट, मेणेश्वराचं देऊळ. 'स्वदेस' पाहिला असेल तर हा घाट तुम्ही पाहिलेलाच आहे. तिथे एका छोट्या दगडी मंडपात एक घंटा आहे, सुमारे साडेसहाशे किलोची. साल १७०७. आणि तिच्यावर मेरी आणि बाळ येशू यांची आकृती आहे. कुणीही ती तासून काढलेली नाही. नानांचा जन्म १७४२ चा, म्हणजे वसई पडली तेव्हा ते जन्मलेलेही नव्हते. तेव्हा घंटा वसईहून थेट या घाटावर आलेली नाही, मधे तिचा मुक्काम आणखी कुठेतरी झाला. एवढ्या हातांतून गेली आणि मेरी जागेवर.

माझं मत विचाराल तर, ही लूट होती. गोड शब्द वापरायला नको. पण लुटीच्या वस्तूचं काय करायचं, याला तेव्हाही दोन-तीन पर्याय होते, आणि त्यातला तोडफोडीचा पर्याय घेतला गेला नाही. मागच्या भागात मी 'विजयाची खूण' म्हणून थांबलो, तिथे या दोन्ही गोष्टी सुटल्या.

परतताना मित्राने ट्रेनमध्ये विचारलं, "बोरिवलीची लेणी पाहिलीस का?" मंडपेश्वर. नाही, मी पाहिली नव्हती. मुंबईत राहून! पुढच्या रविवारी तोच घेऊन गेला.

मंडपेश्वर म्हणजे डोंगरात खोदलेलं शिवाचं लेणं, हजार-बाराशे वर्षांपेक्षा जुनं. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्री आले, त्यांनी मोठ्या गुहेचं प्रार्थनास्थळ केलं आणि वरच्या बाजूला मठ बांधला. त्याच्या भिंती अजून उभ्या आहेत. आतल्या शिल्पांपुढे भिंती घातल्या. एका जागी तर कातळ कोरून मोठा क्रूस केला, म्हणजे तिथे आधी जे होतं ते कायमचं गेलं. १७३९ नंतर ही जागा पुन्हा फिरली. आज आत शिवाची पूजा होते, नटराजाचं शिल्प झिजलेलं पण बघण्यासारखं आहे, आणि क्रूसही तिथेच आहे.

मी त्या क्रूसापुढे उभा राहिलो आणि पहिल्यांदा मला जरा राग आला. खरं सांगतो. इथे काय काय कोरलेलं असेल, हेच डोक्यात. मित्र शेजारी शांत उभा होता. मग म्हणाला, "नाशिकला घंटेखाली मला असंच झालं होतं. तू फोटो काढत होतास."

बाहेर चहा घेतला. त्याने एवढंच सांगितलं, की आता भाग करशील तेव्हा घंटांची सालं सांग. सतराशे सात आणि सतराशे एकवीस. ती ओतणाऱ्यांनी घातलीत ना, मग वाचायला नकोत?

तुमच्या गावच्या देवळात अशी एखादी घंटा असेल, तर मोबाइलचा टॉर्च लावून कडेवरची अक्षरं वाचा आणि फोटो मला पाठवा. पुढच्या भागात भेटू.