शंभरांच्या रांगेतील जागा

परीक्षांचे निकाल लागले की आमच्या निपाणी-बेळगाव भागातील पालक मुलांचे कागद घेऊन शाळेत येतात. मागे एका गृहस्थांनी मला विचारले, "सर, पोराला नव्वद पर्सेंटाइल मिळाले, म्हणजे शेकडा नव्वदच ना?"

नव्हे. शेकडेवारी किती गुण मिळाले ते सांगते; पर्सेंटाइल, ज्याला आपली पाठ्यपुस्तके शतमक म्हणतात, तो रांगेतील जागा सांगतो. नव्वदाव्या शतमकावर उभा असलेला मुलगा म्हणजे शंभरांपैकी नव्वद जण त्याच्या बरोबरीचे अथवा मागे. प्रत्यक्षात त्यास निम्मे गुणही नसतील.

ही कल्पना रूढ केली ती फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज गृहस्थाने. १८८४ साली लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात त्याने एक प्रयोगशाळा थाटली. तीन पेन्स द्यावे आणि आपली उंची, वजन, मुठीची पकड, दृष्टी मोजून घ्यावी, असा तो प्रकार. ९,३३७ माणसांची मापे तेथे जमली. एवढ्या आकड्यांचे करायचे काय? कवायतीच्या मैदानावर आपण मुले उंचीने उभी करतो, तसे गाल्टनने आकडे रांगेत लावले आणि अमुक ठिकाणी कोण येतो ते पाहिले. १८८५ साली त्याने या जागांना 'पर्सेंटाइल' हे नाव दिले. याच बुद्धिमान माणसाने मनुष्यजातीची निवडक पैदास करावी असा विचारही मांडला, हे मात्र विसरता येत नाही. माणसाची रांगेतील जागा हीच त्याची किंमत, असे समजण्याचा मोह त्यालाच पहिल्यांदा पडला असावा.

आता रांग लावण्याचे काम संगणक करतो. आमच्या शाळेतही गुण एक्सेलच्या तक्त्यात भरले जातात. गंमत अशी की, यंत्राचेही उत्तर एक नाही. नऊ मुलांचे गुण घ्या : ३५, ४२, ४८, ५०, ५५, ६१, ६६, ७२, ९०. यांचा पंचाहत्तरावा शतमक कोणता? नऊ जणांत अंतरे आठ. आठाचे पाऊणपट सहा. त्यात एक मिळवला की सातवा मुलगा, म्हणून उत्तर ६६. दुसरी रीत नवात एक मिळवून दहाचे पाऊणपट घेते; साडेसातवी जागा येते, आणि ६६ व ७२ यांच्या मधोमध ६९ हे उत्तर मिळते. २०१० च्या आवृत्तीपासून एक्सेलने या दोन्ही रीतींना वेगवेगळी सूत्रे दिली. जुने सूत्र पहिल्या रीतीनेच चालते. १९९६ साली हाइंडमन आणि फॅन या संख्याशास्त्रज्ञांनी तर प्रचलित रीती नऊ मोजल्या. लाखांच्या रांगेत हा फरक विरून जातो. तीस मुलांच्या वर्गात तो नडतो.

पण सीमेवरील आमची अडचण याहून मोठी. १९५६ नंतर आमची मराठी शाळांतील मुले पूर्वीच्या म्हैसूरच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकाच्या, मंडळाची परीक्षा देत आली. ती परीक्षा अनेक वर्षे ६२५ गुणांची राहिली. त्यांतील काही जण पुढे कोल्हापुरास शिकावयास जातात. शेकडेवारी काढणे सोपे आहे, पण दोन मंडळांचा हात सारखा सैल नसतो. मग प्रत्येक मंडळाची रांग निराळी लावून जागा तुलावी, हा विचार आकर्षक वाटतो. महाराष्ट्र शासनाने अकरावीच्या प्रवेशासाठी २००८ साली पर्सेंटाइल सूत्र आणलेही. मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले. २०१९ पासून अभियांत्रिकीची जेईई मुख्य परीक्षा मात्र याच मार्गाने चालते : परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राची रांग वेगळी, आणि जो तो आपल्या रांगेतील जागेनुसार मोजला जातो. तेथे कोणास कोणते सत्र मिळावे हे यदृच्छेने ठरते, म्हणून सर्व रांगा सारख्याच तोलाच्या मानता येतात. दोन राज्यांच्या मंडळांबाबत तसे कोण म्हणेल? मूल कोणत्या मंडळात बसावे हे तर नकाशावरील रेषेने ठरले.

त्या गृहस्थांना मी फळ्यावर दहा ठिपके काढून हे समजावले. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "ते कळले, सर. पण या रांगेत आमच्या पोराबरोबर उभे कोण कोण होते?"