संगणकाची बदली

शासकीय सेवेत बदली हा नित्याचा विषय आहे. अधिकारी बदलून जातो तेव्हा कार्यभार हस्तांतरणाची एक ठरलेली पद्धत असते. रोकड मोजली जाते, किल्ल्या दिल्या जातात, प्रलंबित प्रकरणांची यादी होते, आणि देणारा व घेणारा अशा दोघांच्याही सह्या झाल्याशिवाय कार्यभार सोपवला गेला असे मानले जात नाही. परंतु आज कार्यालयाची बहुतेक सर्व स्मृती ज्या संगणकात साठलेली असते, त्या संगणकाची "बदली" होते तेव्हा काय होते? एका यंत्रावरील संपूर्ण व्यवस्था बॅकअपच्या आधारे दुसऱ्या यंत्रावर नेणे या कामाचा इतिहास प्रशासनाला बरेच काही शिकवणारा आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

सुरुवातीच्या काळात संगणक बदलणे म्हणजे सर्व प्रोग्रॅम पुन्हा लिहिणे असे. प्रत्येक यंत्राची भाषा वेगळी. १९६४ मध्ये आयबीएम कंपनीने सिस्टिम ३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली, तेव्हा लहान यंत्रावरचा प्रोग्रॅम त्याच मालिकेतील मोठ्या यंत्रावर चालेल ही कल्पना व्यवहारात आली. जुन्या १४०१ यंत्रांचे प्रोग्रॅम नव्या यंत्रावर चालावेत, अशी सोयही त्यातील काही यंत्रांत होती. आपल्या रेल्वेनेही साठच्या दशकात १४०१ यंत्रे घेतली होती. पुढे १९७८ मध्ये आयबीएमने भारतातून काढता पाय घेतला आणि तिच्या यंत्रांच्या देखभालीची जबाबदारी सीएमसी या सरकारी कंपनीवर आली. यंत्र बनवणारा कायम आपल्यासोबत राहील असे धरून चालता येत नाही, हा धडा आपल्या देशाला इतक्या लवकर मिळाला होता.

त्या काळात माहिती जपली जाई चुंबकीय फितींवर. त्यासाठी जगभर जी पद्धत रूढ झाली तिचे नाव मोठे घरगुती आहे : आजोबा, वडील, मुलगा. रोजची फीत म्हणजे मुलगा, आठवड्याची वडील आणि महिन्याची आजोबा. मुलगा बिघडला तर वडिलांकडे जायचे, तेही बिघडले तर आजोबांकडे. पद्धत उत्तम होती, पण तिच्यात एक उणीव होती. फीत कपाटात आहे हे दिसते. ती वाचता येते की नाही हे मात्र वाचल्याशिवाय कळत नाही.

पुढे संगणक टेबलावर आले. नव्वदीच्या दशकात न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या घोस्ट या प्रोग्रॅममुळे संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत काढणे सोपे झाले. आता एक प्रत काढली की काम झाले, असे वाटू लागले. पण ती प्रत वेगळ्या बनावटीच्या यंत्रावर उतरवली की पुष्कळदा विंडोज निळ्या पडद्यावरच थांबे, कारण तिच्यात जुन्या यंत्राच्या डिस्कची व इतर भागांची ओळख नोंदलेली असे आणि नव्या यंत्राची ओळखच नसे. माणसाच्या बदलीतही असेच घडते! यावर तोडगा निघाला तो आभासी यंत्राचा. म्हणजे प्रत्यक्ष यंत्रावर एक कल्पित यंत्र चालवायचे आणि सर्व व्यवस्था त्या कल्पित यंत्रात ठेवायची. मग खालचे यंत्र बदलले तरी वरच्या व्यवस्थेला त्याचा पत्ता लागत नाही. ही युक्ती आयबीएमने साठच्या दशकातच योजली होती. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने ती साध्या संगणकांवर आणली.

भारतीय भाषांमध्ये काम करणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण होती. प्रथम सी-डॅकचे जिस्ट कार्ड यंत्रात बसवून देवनागरी दिसत असे, नंतर निरनिराळ्या कंपन्यांचे फॉन्ट आले. १९९१ मध्ये इस्की हे प्रमाणक ठरले, तरी कित्येक फॉन्टची सांकेतिक रचना स्वतंत्रच राहिली. एका तालुका कार्यालयात नवे संगणक आल्यावर बॅकअप उतरवलेला मी पाहिला आहे. सर्व फाइली आल्या, एकही हरवली नाही. पण खातेदारांच्या नावांच्या जागी पडद्यावर नुसती चित्रविचित्र चिन्हे होती. तो फॉन्ट नव्या यंत्रावर नव्हता. कागदोपत्री हस्तांतरण पूर्ण, आणि शेतकऱ्याचे नाव मात्र गायब! युनिकोडच्या प्रसाराने हा प्रश्न बराच सुटला, तरी जुन्या नोंदींच्या बाबतीत तो आजही उभा राहतो.

हा प्रश्न केवळ आपला नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथे शासनाच्या माहिती केंद्राला आग लागली. सहाशेहून अधिक शासकीय संगणकप्रणाली बंद पडल्या, आणि शासकीय कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फाइली जिथे साठवल्या जात, तो ८५८ टेराबाइटचा साठा नष्ट झाला. त्याची प्रत अन्यत्र नव्हती; साठा फार मोठा असल्याने ती ठेवणे शक्य नाही, असे कारण देण्यात आले. याउलट एस्टोनियासारख्या चिमुकल्या देशाने २०१७ मध्ये लक्झेंबर्गशी करार करून आपल्या महत्त्वाच्या शासकीय नोंदींच्या प्रती परदेशी भूमीवर, दूतावासाप्रमाणे संरक्षण मिळेल अशा रीतीने ठेवल्या. दोन्ही देश संगणकविद्येत पुढारलेले. फरक आहे तो तंत्राचा नव्हे, पूर्वविचाराचा.

आपल्याकडे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची दिल्ली, पुणे, हैदराबाद, भुवनेश्वर येथे माहिती केंद्रे आहेत. पण इमारत म्हणजे व्यवस्था नव्हे. कार्यालयाच्या तपासणीत "बॅकअप घेता का?" या प्रश्नाला "होय" हेच उत्तर मिळते. म्हणून मी दुसरा प्रश्न विचारतो : "तो शेवटचा कधी उतरवून पाहिला?" येथे बहुधा शांतता पसरते.

माझ्या मते उपाय आपल्या जुन्या पद्धतीतच आहे. वर्षातून एकदा बॅकअप वेगळ्या यंत्रावर उतरवावा, आणि तोही नेहमीच्या माणसाने नव्हे, दुसऱ्याने. त्यासाठी लागणारे प्रोग्रॅम, त्यांच्या आवृत्त्या, परवाने, पासवर्ड व फॉन्ट यांची यादी मोहोरबंद ठेवावी. मग कोणत्याही दहा नागरिकांच्या नोंदी काढून मूळ कागदाशी ताडून पाहाव्यात आणि देणारा व घेणारा यांनी सह्या कराव्यात. एखाद्या विधवेचे निवृत्तिवेतन किंवा शेतकऱ्याची जमीन त्या नोंदीवर अवलंबून असते. न तपासलेला बॅकअप म्हणजे न मोजता स्वीकारलेली रोकड होय, आणि तसा कार्यभार स्वीकारण्याची मुभा कोणत्याही नियमाने आपल्याला दिलेली नाही.