पहिलारू गाय : धारेची सवय

पहिल्या वेताच्या गाईला हाताने धार काढू देण्याची सवय लावणे. देशी कालवड साधारणपणे साडेतीन-चार वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा विते, संकरित कालवड त्याहून लवकर. तोवर जिच्या कासेला कुणी हात लावलेला नाही, ती व्याल्याबरोबर बादलीपाशी निमूट उभी राहील ही अपेक्षाच चुकीची. त्यामुळे खरे काम विण्याच्या आधीचे. गाभणपणाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत धारेच्या जागी बांधून अंबोण द्यावे, खरारा करता करता हात पाठीवरून पोटाकडे आणि मांडीच्या आतून कासेकडे न्यावा. सड मात्र पिळू नयेत. त्यांच्या तोंडाशी बसलेला चिकट बोळा निघाला तर कासदाहाच्या (दगडीच्या) जंतूंना वाट मिळते.

व्याल्यावर पहिलारूची कास सुजून ताठरते. या दिवसांतली लाथ बहुधा खोडीची नसते, दुखण्याची असते. कोमट पाण्याने कास धुऊन फडक्याने टिपावी, नखे कापलेली असावीत, काढणारा माणूस आणि बसण्याची बाजू रोज तीच ठेवावी. अंगठा व तर्जनीने सड वरून बंद करून उरलेली बोटे क्रमाने मिटली की धार येते. अंगठा दुमडून सड त्यावर दाबण्याची रीत गोठ्यागोठ्यांत दिसते, पण तिने सड दुखावतात. पहिलारूचे सड आखूड असल्याने सुरुवातीला चिमटीनेच काढावे लागते. चिकावर पहिला हक्क वासराचा. खरवसाचा विचार त्याचे पोट भरल्यावर.

पान्हा गाईच्या मर्जीवर नसतो. वासराच्या ढुसण्या, कासेला झालेला स्पर्श, अंबोणाच्या घमेल्याचा ओळखीचा आवाज यांमुळे मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात येते, मिनिटभरात कास भरते आणि पुढची पाच-सात मिनिटेच धार सुटी मिळते. गाय घाबरली की ॲड्रेनॅलिन हा परिणाम रोखते. याला गोठ्यात ‘दूध चोरणे’ म्हणतात. चोरीचा आळ तिच्यावर येतो, कारण मात्र बहुतेकदा माणसाचा आरडाओरडा किंवा काठी असते. खिलार, डांगी, देवणी, लाल कंधारी अशा गाई सहसा वासराशिवाय पान्हावत नाहीत. वासरू थोडे पाजून तिला चाटता येईल असे पुढ्यात बांधावे आणि शेवटी पुन्हा सोडावे. शेवटच्या धारांत स्निग्धांश सर्वाधिक असतो, तेव्हा वासराचे नुकसान नाही. संकरित गाय पहिल्या दिवसापासून वासराविना धारेला लावता येते.

एवढे करूनही गाय लाथाडत असेल तर आधी सडावर चीर, फोड किंवा दुधात गुठळ्या आहेत का ते पाहावे. गुठळ्या दिसल्यास पशुवैद्य बोलवावा. दुखणे नसेल तरच मागच्या पायांना ढोपराच्या वर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा दोरीचा सैलसर फेरा घालावा. तोही काही दिवसांपुरता, कारण दोरीची सवय लागलेली गाय पुढे दोरीशिवाय उभी राहत नाही.

पान्ह्यासाठी रोज ऑक्सिटोसिनची सुई टोचणे हा आळशीपणा आहे. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला घातक असे इंजेक्शन देणे, तसेच ‘फुंका’ घालणे (पान्ह्यासाठी गाईच्या योनिमार्गात हवा फुंकणे), हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.