आजाऱ्याचा घास

याईराच्या कन्येला उठविल्यावर प्रभूने तिला खावयास देण्याची आज्ञा केली. आम्ही मात्र कर्करोग्याच्या नाकात नळी दिसली की अंत जवळ आला असे मानतो. त्या नळीचा इतिहास निराळे सांगतो.

१९२१ साली इंग्लंडमधील डॉ. जॉन राईल यांनी जठररस तपासण्यासाठी बारीक रबरी नळी सुचविली. पुढे तशाच नळीतून रुग्णांना पातळ अन्न मिळू लागले. १९६८ साली डॉ. स्टॅन्ले डड्रिक व सहकाऱ्यांनी अमेरिकेत कुत्र्याची पिले केवळ शिरेतून दिलेल्या पोषणावर वाढवून दाखविली. आतड्यांनी साथ सोडलेल्यांनाही मार्ग सापडला.

घशाच्या कर्करोगावर किरणोपचार चालू असता तोंड सोलवटते, घास उतरत नाही. शरीर फार खंगले तर उपचार खंडित होतात. उपचार संपल्यावरही गिळणे सुधारण्यास कित्येकदा महिने लागतात. तेव्हा नळी ही हार नव्हे, उपचाराचेच अंग होय.

मरणोन्मुख देह अन्न स्वीकारीनासा झाला, तर बळजबरी नको, असे ख्रिस्तसभेने २०२० सालच्या ‘समारितानुस बोनुस’ या पत्रात सांगितले आहे. त्या वेळी ओठ ओलावणे, हात हाती धरणे, हाच आपला घास.