ध्वनिमुद्रिकेतला गट : 'द बगल्स'ची वाटचाल (१९७७–१९८२)

लोकप्रिय संगीताच्या इतिहासलेखनात 'एकाच गाण्याचा गट' ही कोटी फार सैलपणे वापरली जाते. अल्पायुष्य म्हणजे अपयश, असे तीत गृहीत धरलेले असते. 'द बगल्स' हा ब्रिटिश न्यू वेव्ह गट या कोटीत सहज बसवता येतो; पण तसे केल्यास त्याच्या वाटचालीने उपस्थित केलेला प्रश्न नजरेआड होतो. गाण्याचा कर्ता कोण मानावा, गाणारा की ध्वनी घडवणारा, हा तो प्रश्न होय.

ट्रेव्हर हॉर्न, जेफ डाउन्स आणि ब्रूस वूली यांनी १९७७ मध्ये लंडन येथे हा गट स्थापन केला. हॉर्न व डाउन्स टीना चार्ल्स या गायिकेचे साथीदार होते. दुसऱ्याच्या आवाजामागे उभे राहणे हाच त्यांचा पेशा होता. ध्वनिमुद्रण कंपनीच्या तळघरातील संगणकाने निर्माण केलेला, वस्तुतः अस्तित्वात नसलेला गट आपल्या मनात होता, असे हॉर्न यांनी पुढे सांगितले आहे. जर्मनीतील 'क्राफ्टवर्क' या गटाचा संस्कारही त्यामागे होता. पंक चळवळीने त्याच सुमारास कच्च्या, थेट आवाजाला प्रामाण्य दिले असताना बगल्सने धरलेली ही वाट नेमकी उलट दिशेची होती.

'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार' हे गीत तिघांनी मिळून रचले. वूली लवकरच वेगळे झाले आणि 'कॅमेरा क्लब' या आपल्या गटासह त्यांनी ते स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित केले. बगल्सची ध्वनिमुद्रिका आयलंड रेकॉर्ड्सने सप्टेंबर १९७९ मध्ये काढली. ऑक्टोबरात ती ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर पोचली. या गीताचे सामान्यतः दोन अन्वय लावले जातात : रेडिओयुगाची विलापिका आणि दृश्यसंगीताच्या युगाचे भाकीत. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाली, तेव्हा रसेल मल्काही यांनी दिग्दर्शित केलेली याच गीताची चित्रफीत तिने सर्वप्रथम दाखवली. भाकिताचा अन्वय या घटनेवर उभा आहे. परंतु चित्रफीत १९७९ ची आहे. वाहिनीने केलेल्या निवडीमुळे गीताला मागाहून भाकिताचा दर्जा मिळाला. उत्तरकालीन घटनेच्या आधारे पूर्वकालीन संहितेचा अर्थ ठरवण्याचा हा दोष वाङ्मयेतिहासालाही अपरिचित नाही.

विलापिकेचा अन्वय अधिक विचारार्ह असला, तरी अपुरा आहे. या गीतातील हॉर्न यांचा आवाज जुन्या रेडिओवरून आल्यासारखा वाटतो. तो तसा मुद्दाम घडवलेला आहे. त्यासाठी तो गिटारच्या ध्वनिवर्धकातून नेण्यात आला. ज्या यंत्रणेने जुना गायक संपवला अशी गीताची तक्रार आहे, तीच यंत्रणा येथे जुना आवाज बनवून देते. यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीचे तेजोवलय क्षीण होते, असे वॉल्टर बेंजामिन यांनी १९३६ च्या निबंधात मांडले होते. येथे पुनरुत्पादनाचे तंत्र त्या हरवलेल्या तेजोवलयाचाही आभास निर्माण करते. गीतातील स्मरणरंजन स्टुडिओत तयार झालेले आहे.

जे. जी. बॅलर्ड यांच्या 'द साउंड-स्वीप' (१९६०) या कथेतून आपल्याला या गीताची प्रेरणा मिळाली, असे हॉर्न सांगतात. त्या कथेत श्रवणातीत संगीतामुळे निरुपयोगी ठरलेली एक ऑपेरा-गायिका आहे आणि भिंतींत साठलेले ध्वनी झाडून काढणारा एक मुका सफाईदार आहे. गीताने सहानुभूतीसाठी गायकाची बाजू निवडली. हॉर्न यांची कारकीर्द मात्र त्या सफाईदाराच्या वाटेने गेली. इतरांचे ध्वनी गोळा करणारा, निवडणारा, लावणारा तोच पुढे कर्ता ठरला.

१९८० च्या जानेवारीत 'द एज ऑफ प्लास्टिक' हा संग्रह प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी हॉर्न व डाउन्स 'येस' या प्रस्थापित रॉक गटात सामील झाले. 'ड्रामा' हा संग्रह त्या संयोगातून निघाला. पण त्यानंतरच्या दौऱ्यात जॉन अँडरसन यांच्या उंच पट्टीतील गाणी रोज व्यासपीठावर गाताना हॉर्न यांचा आवाज ताणला गेला. ब्रिटनमधील काही श्रोत्यांनी उघड नापसंती दर्शवली. स्टुडिओत घडवलेल्या आवाजाला देहाची मर्यादा आडवी आली. पुढे डाउन्स 'एशिया' गटात गेले. १९८१ चा 'ॲडव्हेंचर्स इन मॉडर्न रेकॉर्डिंग' हा दुसरा संग्रह बव्हंशी हॉर्न यांनी एकट्याने पूर्ण केला. तो विक्रीत अयशस्वी ठरला आणि १९८२ मध्ये गट संपुष्टात आला.

त्याच वर्षी हॉर्न यांनी 'एबीसी'चा 'द लेक्सिकन ऑफ लव्ह' निर्मिला. पुढील वर्षीच्या 'फ्रँकी गोज टु हॉलिवूड'च्या 'रिलॅक्स'मध्ये गायक वगळता गटातील वादकांचे वादन जवळजवळ उरलेच नाही. निर्माता हाच कर्ता, ही कल्पना नवी नव्हती. १९६० च्या दशकात फिल स्पेक्टर व जो मीक यांनी ती रुजवली होती. मात्र ते पडद्याआड राहिले. बगल्समध्ये निर्मात्यानेच काही काळ गायकाचे सोंग घेतले, हे त्यांचे वेगळेपण होय.

या गीताचा मुंबईतील अवतारही याच मुद्द्याला पुष्टी देतो. 'डिस्को डान्सर' (१९८२) मध्ये बप्पी लाहिरी यांनी 'कोई यहाँ नाचे नाचे' हे गाणे याच चालीवर बांधले. शोक गळाला आणि नृत्याचे आवाहन आले. गायक, भाषा, आशय सारे बदलूनही ध्वनीची ओळख कायम राहिली.

रोलां बार्त यांनी लेखकाचा मृत्यू घोषित केला होता. बगल्सचा इतिहास पाहता, कर्ता मरण्याऐवजी ध्वनिफीतीच्या पलीकडच्या काचेमागे स्थलांतरित झाला, असे म्हणावे लागेल. या गटाची पहिली पूर्ण लांबीची जाहीर मैफल लंडनला झाली ती २०१० मध्ये, विसर्जनानंतर २८ वर्षांनी. ज्याचे अस्तित्वच ध्वनिमुद्रिकेत होते, त्याच्या आयुष्याची लांबी वर्षांत मोजणे हीच मुळात चुकीची कसोटी आहे.